कानात सांगायचं नाव

१८ जून १९५६, सोमवार. गंगा दशहरा.

ही डायरी गिरणीच्या शेठजींनी जानेवारीत वाटलेली. हे गिरणीत टाइमकीपर. दिवसभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून हात दुखतो म्हणतात, म्हणून कोरीच पडून होती. आज मी ती कपाटातून काढली. माझे वडील, भय्यासाहेब, रोजनिशी लिहायचे. मुलीनं लिहू नये असं त्यांनी कुठे सांगितलेलं नाही.

लिहायचं कारण असं. सकाळी आम्ही सगळे रामघाटावर स्नानाला गेलो. मी, हे, माझा धाकटा भाऊ प्रभाकर, त्याची बायको सुलू आणि त्यांची दोन पोरं, अनिल आणि श्रीनाथ. सुलूला तिसरा महिना आहे. प्रभाकर कंबरभर पाण्यात उभा होता. एकदम ओंजळ भरून त्यानं मला हाक मारली, "जिजी, इकडे ये." मला वाटलं, आता पाणी उडवणार माझ्या अंगावर, लहानपणची खोड. पण आवाज निराळाच होता. म्हणाला, "हे तिसरं जे होईल ते तुझं. मुलगा असो, मुलगी असो. क्षिप्रामाईच्या साक्षीनं देतो तुला."

माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आणि मी म्हणजे अनसूया, जिच्या तोंडाला सबंध गल्ली भिते.

चैत्रात त्याच्या दोन्ही पोरांना टायफॉइड झाला होता. सुलूला नेमक्या तेव्हाच उलट्या सुरू झालेल्या. एकोणतीस दिवस मी माझं घर सोडून त्यांच्याकडे राहिले, पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत. प्रभाकरनं ते लक्षात ठेवलं. भाऊ असावा तर असा.

हे पायरीवर उभे राहून धोतराच्या टोकानं चष्मा पुसत होते. "बघू," म्हणाले. हे असेच, आनंद झाला तरी बघूच म्हणतात. सुलू वरच्या पायरीवर श्रीनाथचा सदरा पिळत होती. पिळून पिळून त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत होती. बिचारीला भरून आलं असणार.

२४ जून, रविवार

सहा दिवस झाले, मला रोज पहाटे जाग येते आणि पहिल्यांदा तेच आठवतं. लग्नाला बारा वर्षं झाली. दोनदा पोटात राहिलं, दोनदा गेलं. त्यानंतर काहीच नाही. बारशाला मला बोलावतात, पण पाळण्यापाशी उभं करत नाहीत. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवतात ना, तो वरवंटा माझ्या हातात देतात. मूल दुसरीच्या हातात. आजवर पाच बारशांत मी वरवंटा धरलाय. आता बस झालं.

मला मुलगीच हवी आहे. आणि तिचं नाव राजघराण्यातलं वाटेल असं हवं. माझे आजोबा शिंदे सरकारच्या जवाहिरखान्यात कारकून होते. राण्यांचे दागिने मोजून आत पाठवायचे, राणी मात्र कधी दिसायची नाही, चिकाच्या पडद्याआडून नुसता आवाज यायचा. आजोबा सांगायचे, त्या आवाजाला उत्तर देताना आपला आवाज आपोआप नीट व्हायचा. तसं नाव हवं. हाक मारणाऱ्याला आधी आपला आवाज नीट करावा लागेल असं. आमच्या आईवडिलांनी पंचांगात बोट ठेवून अनसूया ठेवलं आणि मोकळे झाले.

दूध घालणारी रामकुंवर हे ऐकून खो खो हसली. "बाई, हमारे यहाँ तो हर छोरी के नाम में कुंवर है. नाम से राज मिलता तो मैं गोबर थापती?" मी तिला साफ सांगितलं, तुझं दूध पातळ असतं ते आधी बघ.

८ जुलै, रविवार

नाव सापडलं!

आधी यादी केली होती. राजनंदिनी, चंद्रप्रभा, तेजस्विनी, महादेवी. एकेक दिवस एकेक नाव स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. राजनंदिनीचं शाळेत नंदी होईल. चंद्रप्रभा दोन हाकांत चंदा. मग काल आमच्या शेजारच्या लग्नात भटजी मंत्र म्हणत होते आणि तो शब्द कानावर पडला. माझ्या लग्नातही पडला होता. तेव्हा मी बावीस वर्षांची, मुंडावळ्यांतून हळूच भटजींना विचारलं होतं, सम्राज्ञी म्हणजे काय हो? ते म्हणाले, सासरच्या सगळ्या माणसांवर राज्य करणारी हो, असा आशीर्वाद आहे. राज्य! सासूबाईंनी चहाच्या डब्याची किल्लीसुद्धा मरेपर्यंत कमरेला ठेवली.

सम्राज्ञी. सम्राज्ञी दत्तात्रय दाभाडकर. अख्ख्या उज्जैनीत दुसरी नसेल.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "राजे गेले, संस्थानं गेली, आता सम्राज्ञी कुठून आणतेस? आणि मुलगा झाला तर?" मी म्हटलं, मुलगीच होणार. "मुलाचंही एखादं शोधून ठेव," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

संध्याकाळी फ्रीगंजला प्रभाकरकडे जाऊन सुलूला सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा जीभ अडकली. मग हळूच म्हणते, "मला आपलं उषा आवडतं, वन्सं. साधं." उषा! गल्लीला दोन उषा आहेत, एक बोळात न् एक नळावर. मी हसून उडवून लावलं. साधं नाव ठेवायला एवढा नवस कशाला करायचा?

२१ ऑगस्ट, मंगळवार

हे वकिलांना विचारून आले. मुलगी दत्तक घेता येत नाही म्हणे, शास्त्राप्रमाणे मुलगाच. हे अगदी आरामात सांगत होते, भाजी नाही मिळाली म्हणावं तसं. मी विचारलं, वकिलांनी पेपर वाचायचं सोडलंय का? दिल्लीत नवा कायदा यायचाय, मुलगीही घेता येईल, मी स्वतः वाचलंय. "येईल तेव्हा बघू," म्हणाले.

मोहनलाल मिस्त्रीला पाळण्याचं सांगून आले. सागवानी, चारी खांबांवर कमळाच्या कळ्या. तो विचारतो, "किसके यहाँ बच्चा हुआ?" मी म्हटलं, हमारे यहाँ होने वाला है. त्यानं एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि गप्प रंधा मारायला लागला. मारू दे.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

सुलूचं डोहाळजेवण मीच केलं. हिरवी साडी मीच आणली, फुलांची वाडी मीच भरली. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. सुलूनं हात लावला ती बर्फीची निघाली. मुलगी! सगळ्या बायका ओरडल्या. सुलूचा चेहरा असा काही फुलला की दोन मुलांच्या वेळी मी तसा पाहिला नव्हता. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिनं पदर तोंडाला लावला. माझ्यासाठी तिला इतका आनंद व्हावा! मी तिला जवळ घेतलं. ती थरथरत होती. सातव्या महिन्यात थकवा येतोच.

ह्यांना घरी येऊन बर्फीचं सांगितलं. हे म्हणाले, "हलवायाच्या वाटीवर काय विश्वास ठेवायचा."

एक गोष्ट लिहायची राहिली. सुलूच्या ट्रंकेत मला एक कुंची सापडली, गुलाबी रेशमाची, मोती लावलेली, अर्धवट. मी झाकण लावून टाकलं. मला द्यायला करते आहे, आधी कळलं तर तिची मजा जाईल.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज मध्य भारत संपला. सकाळी उठलो ते मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळ. गल्लीत कुणी दिवे लावले ते त्यासाठी की दिवाळीसाठी, सांगता येत नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत तीनदा राज्य बदललं, नळाला पाणी मात्र तेच, पाऊण तास.

प्रभाकरची कचेरी भोपाळला जाणार. जानेवारीत त्यांना जावं लागेल म्हणतो. मला वाईट वाटलं, पण मग विचार केला, बरंच आहे. आई डोळ्यांपुढे राहिली तर मूल दोन्हीकडे ओढलं जातं. लांब असली की लवकर विसरेल. दोघीही विसरतील.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

प्रभाकरला ओवाळलं. तो तबकात साडी ठेवायला लागला तर मी तबक मागे घेतलं. म्हटलं, "यंदा मला साडी नको. मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे." त्यानं खाली पाहिलं. मग म्हणाला, "जिजी, नाव तूच ठेवायचं. तो मान तुझाच. सुलूलाही मी सांगितलंय, जिजी म्हणेल तेच नाव." आणखी काय हवं? नाव ठेवायचा हक्क आईचाच असतो.

नंतर तो आणि हे गॅलरीत उभे राहून बराच वेळ बोलत होते. मी चिवडा घेऊन गेले तर दोघं गप्प. हे म्हणाले, "भोपाळच्या घरभाड्याचं चाललंय." प्रभाकरनं चिवडा घेतलाच नाही. त्याला माझा चिवडा किती आवडतो! बदलीची काळजी असेल.

१० डिसेंबर, सोमवार

मुलगी! मुलगी झाली! सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, इस्पितळात. बाळबाळंतीण सुखरूप. मी महाकाळाला जाऊन आले, पेढे नाही, बर्फी वाटली.

हे गिरणीतून आले. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

१२ डिसेंबर, बुधवार

इस्पितळात गेले होते. सुलूच्या कुशीत झोपली होती, नुसतं नाक दिसत होतं. नाक आमच्या भय्यासाहेबांचं आहे, त्यात वाद नाही. मी म्हटलं, दे जरा माझ्याकडे. सुलू म्हणाली, "आत्ताच झोपलीय, वन्सं." मी तासभर बसले. मग म्हणाली, "आता भूक लागेल तिला." आणि कूस वळवली.

अंगावर पाजू नकोस, सवय लागेल, मग मला वरचं दूध पाजताना रडेल, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं. डोळे मात्र भरून आले होते. बाळंतिणीला येतंच रडू, कशानंही.

१६ डिसेंबर, रविवार

पेपरात आलं, कायदा लोकसभेत पास झाला म्हणे. मुलगीसुद्धा दत्तक घेता येणार. ह्यांच्या पुढ्यात पेपर ठेवला. ह्यांनी वाचला, घडी केली आणि विचारलं, "आज आमटीत मीठ नाही का?" मीठ होतं.

पण एक गोष्ट भलतीच अडली आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. मी तर आई होणार. मग आत्या कोण? ह्यांना सख्खी बहीण नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तूच सांग की कानात." मी पोट धरून हसले. म्हटलं, अहो, आईच आत्या कशी होईल? पुरुषांना काडीचं कळत नाही. शेवटी देवासला ह्यांच्या चुलत बहिणीला, कुसुमला, कार्ड लिहिलं. बारशाला शुक्रवारी ये, तू आमच्या मुलीची आत्या, नाव सम्राज्ञी, नीट पाठ करून ये. कार्ड हेच टपालात टाकून आले.

१९ डिसेंबर, बुधवार

प्रभाकरचा निरोप आला, बारसं त्यांच्याकडेच करू, बाळंतिणीला हलवायला नको, पाळणा तेवढा पाठव. बरोबर आहे त्याचं. हातठेल्यावर पाळणा पाठवला. इथला कोपरा एकदम उघडा पडला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शुक्रवारी रात्री पाळणा परत येईल तो भरलेला. दुपट्यांना ऊन दाखवलं, बाटली उकळून ठेवली, रामकुंवरला गाईचं वेगळं दूध सांगितलं. ती म्हणाली, "बाई, लाना तो मुझे दिखाना पहले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही तिला पातळ दुधाचं काही बोलले नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

आज लिहीत नाही.

२२ डिसेंबर, शनिवार

सगळं लिहून काढते. नाही तर उद्या हे लोक म्हणतील असं झालंच नव्हतं.

प्रभाकरकडे पोचलो तेव्हा माझा पाळणा हॉलमध्ये झेंडूच्या माळांनी सजवलेला होता. मागच्या चादरीवर सोनेरी कागदाची अक्षरं कापून चिकटवली होती, सम्राज्ञी. प्रभाकरनं स्वतः कापलेली. मला म्हणाला, "बघ जिजी, तुझंच नाव." माझं ऊर भरून आलं. कुसुम देवासहून सकाळच्या मोटारीनं आली होती, चांदीचे वाळे घेऊन. वाटेत गल्लीतल्या बायकांना तिनं सांगितलं की मी आत्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कुसुम अनोळखी म्हणून.

सुलू बाळाला घेऊन बाहेर आली. बाळाच्या डोक्यावर तीच गुलाबी कुंची, मोती लावलेली, पुरी झालेली. मी पाळण्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले, आईच्या जागेवर. सुलू तिथेच आली. दोघी एका जागी कशा मावणार? एका बाईनं माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं आणि हातात काय दिलं? वरवंटा. मी तो घेतला. हात आपोआपच पुढे झाला, इतक्या वर्षांची सवय.

बाळाला पाळण्यात घातलं. प्रभाकरनं हाक दिली, "चला, आत्या कुठे आहे?"

कुसुम लगबगीनं उठली. पदर सावरून पुढे आली. प्रभाकर हसून म्हणाला, "तुम्ही नाही हो. आत्या ही. जिजी, चल ना, तुझाच मान."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चष्मा पुसत होते.

हॉलमध्ये तीस माणसं होती. कुसुम अजून उभीच, वाळ्यांची डबी हातात. तिचा चेहरा बघवत नव्हता, आणि माझा कसा असेल ते मला कळत होतं. म्हणजे नाव ठेवायचा मान तो हा. घाटावर क्षिप्रेचं पाणी हातात घेऊन दिलं ते मूल, आणि आता देतायत काय, तर आत्याचा मान. आणि माझ्या मुलीसाठी शोधलेलं नाव त्यांनी आपल्या मुलीला ठेवलं होतं, सोनेरी कागद लावून. मला ते नाव माझ्याच तोंडानं त्यांना देऊन टाकायचं होतं. आईनं आत्या होऊन.

बायकांनी मला पाळण्यापाशी ढकललं. मी वाकले. "कुर्रर्र" म्हणायला तोंड उघडलं आणि पाठीवर धपाधप धपाटे पडायला लागले, प्रथाच आहे ती, आत्याच्या पाठीवर बायका गमतीनं मारतात. मला रडू फुटलं. सगळ्या हसत होत्या, कुणी म्हणालं, अगं हळू मारा, लागलं तिला. कुंचीखालचा कान एवढासा होता. मी दोनदा तोंड उघडलं. सम्राज्ञी म्हणणारच होते. मग मनात आलं, का म्हणून? मूल ठेवून घेतलंत, नावही घेता? नाव तरी माझं आहे. जीभ दुसऱ्याच शब्दाकडे वळली, गल्लीतला, नळावरचा, सगळ्यांत साधा.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "उषा."

पाठीवरचे हात थांबले. आत्यानं सांगितलेलं नाव, ते आता मागे कुठे जाणार?

प्रभाकर म्हणाला, "जिजी, काय करतेस हे? नाव तर सम्राज्ञी ठरलंय!"

"कुणी ठरवलं? आत्या मी आहे ना? आत्यानं उषा सांगितलं."

त्याचा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडला, "माझ्यावर कशाला राग काढतेस! भाऊजींनीच सांगितलं मला दिवाळीत, मुलगा झाला तर घेऊ, मुलगी झाली तर तुमची तुम्हाला. वर म्हणाले, तिला आत्ता बोलू नका, नावं शोधण्यात तिचा जीव रमलाय. मला वाटलं ते सांगतील. त्यांना वाटलं मी सांगीन."

दिवाळीत! म्हणजे चिवडा घेऊन गेले तेव्हाच. दीड महिना. मी दुपटी शिवत होते, बाटली उकळत होते, आणि हे समोर बसून आमटीतलं मीठ बघत होते. कुसुमला कार्ड ह्यांनीच टाकलं. कार्डावर काय लिहिलंय ते वाचून, पत्ता नीट आहे की नाही ते बघून, टाकलं. ह्याच्याइतका दगा मला कुणी दिला नाही. प्रभाकर निदान ओरडला तरी. ह्यांनी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

एक मात्र मला कळलं नाही. मी चपला घालत होते तेव्हा सुलू बाळाला तशीच छातीशी धरून दारापर्यंत आली. बारा दिवसांची ओली बाळंतीण, खाली वाकून माझे पाय धरले. मी तिचं ठरलेलं नाव मोडलं, सगळ्यांसमोर तमाशा केला, आणि ती हुंदके देत म्हणते, "वन्सं, तुमचे उपकार." कसले उपकार? मी काय दिलं तिला? मी पाय सोडवून घेतले आणि निघाले.

२५ डिसेंबर, मंगळवार

ह्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. काल म्हणाले, "मुलगी म्हणजे शेवटी परक्याचीच, तुलाच पुढे त्रास झाला असता, म्हणून." मी ताट उचलून मोरीत ठेवलं. जेवायचे होते अजून.

रामकुंवर रोज दाराशी येऊन आत डोकावते. आज म्हणाली, "बाई, मेरी बहू को भी छोरी हुई है. वो नाम अगर खाली हो तो..." मी म्हटलं, खाली नहीं है. ती पाव शेर जास्त दूध घालून गेली, पैसे घेतले नाहीत.

३० डिसेंबर, रविवार

पाळणा परत आला. हातठेलेवाल्यानं कोपऱ्यात ठेवला, कमळाची एक कळी वाटेत मोडलीय. गादीखाली सुलूची चिठ्ठी होती. तिचं अक्षर मी पहिल्यांदाच बघितलं, शाळकरी पोरीसारखं गोल. एवढंच लिहिलंय: "वन्सं, आम्ही पाच तारखेला भोपाळला जाऊ. तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे मला माहीत आहे. मला तर कुणी विचारलंच नव्हतं. उषा बरी आहे. सुलू."

मला कुणी विचारलंच नव्हतं. सकाळपासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. दुपारी डायरी काढून जूनपासून सगळी पानं वाचली. प्रभाकरनं दिलं, ह्यांनी बघू म्हटलं, वकील असं बोलले, मिस्त्री तसं बोलला, रामकुंवर काय म्हणाली ते सुद्धा आहे. सुलू सदरा पिळते, सुलू थरथरते, सुलू कूस वळवते. मी तिला विचारलं, असं एकाही पानावर नाही. दोनदा उलटसुलट पाहिलं. नाही.

म्हणून राग जातो असं नाही. प्रभाकरनं पाणी हातात घेऊन शब्द दिला होता, आणि ह्यांनी सगळं माहीत असून मला दीड महिना वेडी करून ठेवली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि ह्यांनाही विसरू देणार नाही. पाच तारखेला मात्र स्टेशनवर जाईन. वाळे कुसुमनं इथेच टाकले आहेत, ते उषाच्या पायात घालून येईन. आत्याच्या हातचे.

हे बाजारात गेलेत. मी दार लावून पाळण्यापाशी बसले होते. दोरी ओढली, कड्या नवीन आहेत, अजून करकरतात. मग तिला एकदा हाक मारून पाहिली. एकदाच. आधी आवाज नीट करावा लागला.